काचेच्या खोलीतलं ऊन

थेरगावात आमचं घर ज्या दीड गुंठ्यावर उभं आहे, त्याच्या पूर्वेला माझ्या वडिलांचं शेत होतं. दीड गुंठाही मुळात त्यांचाच. माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी त्यांनी तो बक्षीसपत्र करून माझ्या नावावर केला. जावई लातूरकडचा, कंपनीत टूलरूमला, काळेवाडीत भाड्याच्या एका खोलीत राहणारा. वडील म्हणाले, "पोरगी बांधापल्याड राहील. हाक मारली तर ऐकू येईल." आम्ही तिथं आधी खाली दोन खोल्या बांधल्या आणि मग जमेल तसा वरचा मजला चढवला.

मी स्वतः अठरा वर्षं चाकणला एका छोट्या कारखान्यात रबरी सील तपासायचं काम केलं. तिथल्या शेडला एकच खिडकी होती. भिंगातून बघताना बाहेरचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून तिलाही काळा रंग फासलेला. ट्यूबलाइटखाली बसायचं, सील बोटांत फिरवायचं, चीर दिसली की लाल डब्यात टाकायचं. जेवणाच्या सुट्टीत मी शेडच्या मागे भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचे. डबा मांडीवर तसाच असायचा. बाकीच्या बायका हसायच्या, "हिला भाकरीबरोबर ऊन लागतं खायला."

त्याच नोकरीत असताना वडील गेले. तेरावा झाल्यावर महिन्याभराने दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घरी आला. आम्ही दोघंच भावंडं. चहा संपवून म्हणाला, "एक सही लागंल तुझी. हक्कसोडपत्र. आईबी करतीय. सातबाऱ्यावर नावं कमी असली की कामं सोपी पडत्यात, बाकी काय न्हाई."

मी लगेच हो म्हटलं. आमच्याकडे सगळ्याच बहिणी करतात. जी करत नाही तिचं नाव गावात कसं घेतलं जातं, ते लहानपणापासून ऐकलेलं होतं.

तो गेल्यावर माझे यजमान, ज्यांना मी आजही नुसतं 'हे' म्हणते, ते कपबशा उचलून आत ठेवून आले. मग म्हणाले, "सही कर, माझी ना नाही. पण एकदा विचारून तर बघ की, जमिनीचं पुढं काय करणारेत. घर बांधाला लागून हाय आपलं."

"माझ्या माहेरच्या गोष्टीत तुम्ही पडू नका," मी म्हणाले. "लोक म्हणतील, जावयाचा जमिनीवर डोळा आहे."

ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी रजिस्टर ऑफिसला गेले आणि जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं सही केली. कागद वाचला नाही. वाचला तर दादाला काय वाटेल, असं वाटलं. पुढे जे झालं ते होत असताना "मी सांगितलं होतं" हे वाक्य यांनी एकदाही उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर काही वर्षांनी माझं उजवं मनगट गेलं. डॉक्टर म्हणाले, हे काम बंद करा, नाहीतर पेलाही उचलता येणार नाही. नोकरी सोडली आणि घरी बसले. त्या पावसाळ्यात यांनी वरच्या मजल्यावरची पूर्वेची गॅलरी काचेने बंद करायला घेतली. कुठलं तरी जुनं ऑफिस पाडत होते, तिथून अॅल्युमिनियमच्या चौकटी आणि सरकत्या काचा आणल्या. दर सुट्टीला थोडं थोडं काम. टूलरूमचा माणूस, काच अर्ध्या मिलिमीटरनेही अडकलेली खपायची नाही. पाच फूट रुंद, पंधरा फूट लांब अशी खोली झाली. छप्पर पक्कं आणि पूर्वेची अख्खी बाजू काचेची. सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत ऊन आत यायचं ते थेट मागच्या भिंतीपर्यंत. समोर शेत मोकळं होतं. दादा तिथं मेथी, कोथिंबीर करायचा, कधी नुसतं पडीक ठेवायचा.

उघड्या गॅलरीत झाडं ठेवून पाहिली होती मी पूर्वी. रस्त्याची धूळ दोन दिवसांत पानांवर बसायची आणि उरलंसुरलं कबुतरं संपवायची. काचेच्या आत मात्र सगळं बदललं. कारखान्यात सोबत काम केलेल्या एका बाईने कागदाच्या पुडीत अडेनियमच्या बिया दिल्या. बारीक काडीसारखी बी, दोन्ही टोकांना रेशमासारखे झुपके. अकरा लावल्या, सात उगवल्या.

अडेनियमचा बुंधा जमिनीलगत फुगत जातो, एखाद्या जुन्या झाडाला लहान करून कुंडीत ठेवल्यासारखा. दर दोन वर्षांनी कुंडी बदलताना त्याला थोडं वर उचलायचं, म्हणजे मुळंही उघडी दिसायला लागतात आणि जाड होतात. त्याला माती नकोच असते फारशी. मी विटांचे तुकडे फोडून चाळायचे, त्यात जाड वाळू आणि थोडं शेणखत. डाव्या हाताने. छाटलं की पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. आणि थंडीत ते झोपतं. पानं गाळतं. नवखा माणूस घाबरून पाणी घालतो आणि तिथंच झाड जातं. झोपलेल्या अडेनियमला पाणी म्हणजे विष. ऊन मात्र बारा महिने पाहिजे, भरपूर.

मला हे कुणी शिकवलं नाही. सातातली दोन माझ्या हातून मेली, तेव्हा कळलं. उरलेल्या पाचांनी मला दहा वर्षं सांभाळलं, असं म्हटलं तरी चालेल. मार्चमध्ये पाचही एकदम फुलायची. गडद गुलाबी, एक पांढरं, एक जवळपास काळपट लाल. ते काळपट लाल माझं सगळ्यात लाडकं. त्याचा बुंधा ओंजळीत मावत नव्हता. पहिल्या शिफ्टच्या बसच्या वेळेला मला अजूनही जाग यायची. मी उठून त्या खोलीत जाऊन बसायचे. चहा तिथंच प्यायचे. उजेड आधी काचेवर यायचा, मग कुंड्यांच्या कडांवर, मग माझ्या पायांवर.

मग एका सकाळी शेताच्या कडेने पत्रे ठोकायचा आवाज आला.

संध्याकाळी दादा पेढे घेऊन आला. बिल्डरला जागा दिली होती. "खाली पार्किंग आन् वर बावीस मजले," तो म्हणाला. तोंडावरचं हसू त्याला आवरत नव्हतं.

"आमच्या घरापासून किती लांब?" मी विचारलं.

"नियमात बसंल तेवढं सोडतील की. तू कशापायी घोर लावून घेतीस?"

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. मी यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

दोन दिवसांनी मी माहेरी गेले. नकाशा पाहायला मागितला. दादाने तो ओट्यावर पसरला, त्याला नकाशाचं कौतुक होतं. आमच्या बाजूला इमारत होती आणि पलीकडच्या बाजूला बाग आणि पोहण्याचा तलाव. मी बोट ठेवून म्हणाले, "दादा, ही बाग हिकडं आणि इमारत तिकडं न्हाई का करता येणार? त्या अंगाला तर रस्ताच हाय, कुणाचं घर न्हाई. माझं सगळं ऊन जातंय."

त्याला आधी कळलंच नाही. "कसलं ऊन?"

"काचेच्या खोलीतलं. माझी झाडं हायेत तिथं."

तो हसला. वाईट हेतूने नाही, खरंच हसू आलं त्याला. "आगं, चार कुंड्यांपायी टॉवर हलवू? लोकं काय म्हणतील मला?"

"तू नुसतं विचारून तर बघ त्यांना."

मग त्याचा आवाज बदलला. "हे बघ. सगळं पास झालंय. आन् तुझी सही हाय कागदावर. आता ह्यात बोलायचं काय राहिलं?"

आई तिथंच बसून लसूण सोलत होती. मी तिच्याकडे वळले. वाटलं, ती एक शब्द तरी बोलेल. दादाला नाही तरी मला काहीतरी. तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि म्हणाली, "गच्चीवर न्हे की कुंड्या. झाडाचं काय एवढं?"

मी चहा न घेता निघाले. कुणी आग्रह केला नाही.

इमारत वर चढायला दोन वर्षं लागली. माणूस आजारी पडून हळूहळू जातो, तसं माझं ऊन गेलं. चौथा स्लॅब टाकला तेव्हा ते साडेसहाऐवजी सव्वासातला यायला लागलं. सातव्याला आठ वाजले. बाराव्याला साडेनऊ. पुढचे मजले चढले तशी साडेदहा ते अकरा अशी एक पट्टी काय ती उरली, आणि इमारतीच्या कडेला लिफ्टच्या यंत्राची खोली बांधली तशी तीही गेली. रोज सिमेंटची पूड काचांवर बसायची. मी रोज काचा पुसायचे, तेवढाच उजेड वाढेल म्हणून. मनगट सुजायचं. हे फडकं माझ्या हातातून घ्यायचे.

झाडांनी आधी पानं मोठी केली. मोठी, फिकट, मऊ. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल की जोमात आहेत. मग फांद्या लांबत गेल्या, बारीक होत काचेकडे वाकत गेल्या. त्या मार्चमध्ये फक्त एका झाडाला तीन कळ्या आल्या आणि तिन्ही न उमलता गळल्या.

आम्ही करायचं ते सगळं केलं. यांनी झाडांसाठी मिळतात ते जांभळे दिवे आणून टांगले. त्या उजेडात खोली शवागारासारखी दिसायची, मी आठवड्याभरात काढायला लावले. मग आई म्हणाली तसं गच्चीवर नेली. विटांचे तुकडे भरलेल्या त्या कुंड्या जिन्याने वर चढवताना यांची पाठ धरली. गच्चीवर दुपारचं ऊन होतं, पण पावसाळ्यात वर प्लास्टिक बांधलं ते श्रावणातल्या वाऱ्यात फाटलं. आम्ही तेव्हा लातूरला दिरांकडे गेलो होतो. चार दिवसांनी परत आलो तर तीन झाडांचे बुंधे अंगठ्याने दाबले की आत जात होते. आतून आंबलेला वास येत होता. मी ती विळीने उभी चिरून पाहिली, एखादा भाग तरी वाचतो का म्हणून. तपकिरी लगदा होता नुसता.

"कामून रडायलीस," हे म्हणाले. "परत लावू की बी."

"कुठं लावू?" मी ओरडले. "कुठं लावू सांगा ना!"

पांढरं आणि काळपट लाल, ही दोन वाचली. यांच्या पाठीला पुन्हा जिना झेपणार नव्हता, म्हणून ती परत काचेच्या खोलीत आली आणि नुसती जिवंत राहिली.

इमारत पूर्ण झाल्यावर दादा आपल्या वाट्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, चौदाव्या मजल्यावर. वास्तुशांतीला आम्ही गेलो. न जाऊन चाललं नसतं. वहिनी मला हाताला धरून त्यांच्या दक्षिणेच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या गॅलरीत घेऊन गेली. "बघा ना वन्सं, ऊन इतकं येतं की जाड पडदे लावावे लागले," ती म्हणाली. आई आत पडद्याच्या आडोशाला खुर्चीवर बसली होती. तिनेही तेच सांगितलं, "लई ऊन लागतं गं हितं. डोळं दिपत्यात."

मी कठड्यावरून वाकून आमच्या बाजूला पाहिलं. आमचं घर खाली दिसत होतं. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि आमच्या गच्चीवर, आमच्या काचांवर, आजूबाजूच्या सगळ्या पत्र्यांवर इमारतीची सावली पडली होती. काचेची खोली वरून एखाद्या बंद दुकानासारखी दिसली.

"ही गॅलरी अगदी भुंडी दिसते," वहिनी म्हणाली. "तुमच्याकडचं एखादं झाड द्या ना. ते जाड बुंध्याचं. तुमच्याकडं आता ऊन नाही म्हणता, तर हितं तरी जगंल."

तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं. त्यानेच जास्त लागलं.

मी काळपट लाल दिलं. का दिलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक कारण खरं होतं: त्याला ऊन मिळेल. तेवढं एकच कारण असतं तर बरं झालं असतं. हे ते उचलून लिफ्टने वर घेऊन गेले. दोन महिन्यांत वहिनीने फोटो पाठवला. लाल फुलं, मागे निळं आकाश. एवढी फुलं माझ्याकडेही कधी आली नव्हती. मी तो फोटो पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

डिसेंबरात तिचा फोन आला. "वन्सं, पानं पिवळी पडून गळायला लागलीत हो सगळी. पाणी कमी पडत असंल का?"

मला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. झोपलंय ते, फेब्रुवारीपर्यंत हात लावू नका.

मी म्हणाले, "असेल."

एवढंच. मग इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला आणि भाजी चिरायला बसले. यांनी विचारलं, "कुणाचा होता?" मी म्हटलं, "वहिनीचा. सहज."

त्यानंतर रोज सकाळी मला आठवायचं की आता ती पाणी घालत असेल. फोन करता आला असता. पहिल्या आठवड्यात केला असता तरी झाड वाचलं असतं. मी केला नाही.

जानेवारी संपताना दादा आला, एकटाच, कुंडी दोन्ही हातांत धरून. टॉवर झाल्यापासून तो आमच्या वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच चढला. काचेच्या खोलीत येऊन त्याने कुंडी खाली ठेवली. बुंधा एका बाजूने बसला होता. तो गुडघ्यावर टेकला, बोट मातीत खुपसलं, बाहेर काढून पाहिलं. कितीही फ्लॅट आले तरी ते बोट शेतकऱ्याचंच होतं.

"पाण्यानं गेलं हे," तो म्हणाला.

"व्हय."

"ही म्हणली, तुला फोन केला व्हता तिनं."

"केला व्हता."

"मंग?"

मी कुंडीच्या कडेची माती बोटाने पुसली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याला समजलं. मी ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिलं.

"तुला ठाऊक व्हतं," तो हळू म्हणाला. "तुझ्या हातचं झाड, एवढं मोठं केलेलं. सांगायचं तरी."

"तू सांगितलं व्हतंस मला? सही घेतलीस तवा?"

"तवा मलाच कुठं ठाऊक व्हतं गं?"

हे तो खरं बोलला की खोटं, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी बाहेर पाहत राहिले. बाहेर पाहायला भिंत होती, त्यांच्या पार्किंगची.

तो उठला, गुडघा झटकला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "लाइट लाव की जरा. काय दिसंना."

"लावलेलीच हाय," मी म्हणाले.

त्याने वर दिव्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दहा वाजून गेले होते. "एवढा अंधार व्हईल असं वाटलं न्हवतं," तो म्हणाला. मी काहीतरी म्हणावं असं त्याला वाटत असावं. मी कुंडी पायाने भिंतीकडे सरकवली. यांनी खालून चहा झाल्याचं सांगितलं, तो चहा त्याने उभ्याने प्यायला आणि गेला.

आठवड्याने एक टेम्पो दारात उभा राहिला. त्यांच्या सोसायटीची बाग सांभाळणाऱ्या माणसाने सहा कुंड्या उतरवल्या. "साहेबांनी पाठवलीत. ही सावलीतलीच झाडं आहेत, काही करावं लागत नाही." जाड, गुळगुळीत, गडद हिरवी पानं. ऑफिसांच्या आणि दवाखान्यांच्या दारात असतात ती. परत पाठवावीत असं मनात आलं, पण त्या माणसाशी काय बोलणार? हे म्हणाले, "राहू दे." मी दादाला फोन केला नाही, त्यानेही केला नाही.

शेवटचं राहिलेलं पांढरं अडेनियम मी दिघीला राहणाऱ्या त्या बियावाल्या बाईला देऊन टाकलं. तिच्याकडे समोर लष्कराची मोकळी जागा आहे, तिथं कुणी बांधणार नाही. पाण्याचं सगळं तिला नीट समजावून सांगितलं, दोनदा. ती म्हणाली, "अगं, कळलं." तरी मी कागदावर लिहून दिलं.

दादाच्या सहा कुंड्या आहेत तशा आहेत. दोन पावसाळे गेले. एकाही पानाला काही झालेलं नाही, उलट दर दोन महिन्यांनी नवा कोंब निघतो. ती मेली असती तर मला बरं वाटलं असतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पंधरा दिवसांनी एकदा पाणी घालते. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसते. त्यांचा त्यात काही दोष नाही.